हातचा एक

पहाटेचे तीन.
जनरेटर बारालाच बसला होता,
मग दोन कंदील आणि कुणाच्या तरी मोबाइलचा उजेड.
तिसरीचा वर्ग. भिंतीवर माझ्याच अक्षरातले पाढे,
खिडकीबाहेर सरोवर, बायकांनी वाळत घातलेल्या उसिपाचा वास.
राष्ट्राध्यक्षांची मतं तीन पेट्यांत :
एकशे त्रेचाळीस, दोनशे छत्तीस, ब्याण्णव.
मी बेरीज मांडली. चारशे एकसष्ट.

मी चिर्वा मास्तर. वीस वर्षं गणित शिकवतो.
तीन नि सहा नऊ, नि दोन अकरा.
अकरातला एक खाली ठेवला,
एक हातचा घेतला,
आणि तो हातातच राहिला.

दुसऱ्यांदा मोजताना ध्यानात आलं : एकाहत्तर.
म्हणजे त्यांची दहा मतं मी खाल्ली होती,
ज्यांना मी स्वतः मत दिलं नव्हतं.
(हे कुणाला सांगायचं नसतं.
सांगितलं तरी पुरावा कुठून आणू?)
कपाटात पांढऱ्या शाईची बाटली होती, अर्धी सुकलेली.
सहावर ठिपका दिला. फुंकर मारली. वर सात.
विरोधी पक्षाचा पोरगा बाकावर घोरत होता,
त्याला हलवून उठवलं.
कुठे सही करू, एवढंच विचारलं त्याने.

पंधरा दिवसांनी देशभर एकच शब्द : पांढरी शाई.
लिलोंग्वेत टायर जळाले.
माझा मेहुणा वेझी, सायकलवर सवाऱ्या नेणारा,
दारात उभा राहून म्हणाला,
दाजी, तुमच्या शाळेचाही कागद आहे म्हणे त्यांत.
मी त्याला जमिनीवर काडीने बेरीज करून दाखवली.
त्याने पाहिली. बरोबर आहे म्हणाला.
मग म्हणाला, तुमचा हातचा खरा धरला,
पण एवढ्या सगळ्या मास्तरांचे हातचे
एकाच रात्री कसे विसरले?
मी म्हटलं, सगळेच जागरणाला बसले होते.
तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या चुका
एकाच माणसाच्या पदरात कशा पडल्या?
कोण म्हणतं सगळ्यांच्या, मी ओरडलो, तू मोजल्यास?
तुम्ही मोजल्यात? तो म्हणाला.
त्या रात्री तो जेवला नाही. न्सिमा गार झाली.

कोर्टात वकिलाने कागद खिडकीकडे उलटा धरला.
मागून सहा अजून दिसत होता,
आरशातल्यासारखा पाठमोरा.
साक्षीदार, हा आकडा कुणाचा?
माझा.
आणि वरचा?
तोही माझाच.
मग लपवलात का?

मी म्हणणार होतो, लपवला नाही, नीट केला.
तेवढ्यात आठवलं, वर्गात मी पोरांना काय सांगतो :
रबर लावू नका. आडवी रेघ मारा,
चूक दिसू द्या, शेजारी बरोबर लिहा.
तावोंगाने थुंकी लावून वहीला भोक पाडलं
तेव्हा मी तिला अर्धा तास उभी केली होती.
न्यायाधीशांनी उत्तर नोंदवून घेतलं :
साक्षीदार गप्प.

घरी आलो. बायको तराजू धूत होती.
तिला सगळं सांगितलं, बेरजेसकट.
ती म्हणाली, मी कुणाला कमी तोलत नाही,
तरी तोलताना दुसरा हात पुढे ठेवते, गिऱ्हाइकाला दिसेल असा.
एवढंच. परत पारडं घासायला लागली.

निकाल अजून लागायचाय. रेडिओ रोज म्हणतो, उद्या.
वेझी येतो, सायकल भिंतीला टेकवतो,
आम्ही हवामानावर बोलतो, चांबोच्या भावावर बोलतो.
आज वर्गात बेरीज घेतली.
फळ्यावर तीन आकडे, उभे, एकाखाली एक.
अकरा आले तशी पोरं एका सुरात ओरडली : हातचा एक!
कुठे आहे, दाखवा, मी म्हटलं.
चाळीस मुठी वर झाल्या,
आणि एकेक करून उघडायला लागल्या.